बेकारी भत्ता, खावटी आणि उचल

बेकारी भत्त्याचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच जर्मनी-डेन्मार्कच्या गोष्टी सुरू होतात. त्या सांगायलाच हव्यात, पण आज आम्ही त्या शहापूर-मुरबाडच्या बाजूने सांगणार आहोत.

ब्रिटनने 1911 साली विम्याचा कायदा केला. बांधकाम, जहाजबांधणी अशा मोजक्या धंद्यांतल्या कामगाराचं काम सुटलं तर आठवड्याला 7 शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त 15 आठवडे. तेवढ्यात घर चालत नव्हतंच. शिल्लक मोडून खाणाऱ्याला हातभार, इतकाच हेतू. जर्मनी आज निव्वळ पगाराच्या 60 टक्के देतो, मूल असेल तर 67. डेन्मार्कमध्ये 90 टक्क्यांपर्यंत, पण वर कमाल मर्यादा आहे. तेव्हा चांगला पगार असलेल्याच्या हाती बरंच कमी पडतं. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : नोकरी होती, मालक होता आणि अमुक तारखेला ती गेली.

शहापूरच्या कातकरी वाडीत ही तारीख कुठून आणायची? इथे बेकारी ऋतूसारखी येते. आषाढात लावणीचे चार दिवस हाताला काम, मग श्रावण-भाद्रपद रिकामे. कणगी रिकामी आणि भात अजून शेतात. काम कुणी काढून घेतलेलं नसतं, म्हणून काम गेल्याचा दाखला देणाराही कुणी नसतो.

महाराष्ट्राने यावर वेगळा विचार केला आणि तो जगाच्या पुढे होता असं आम्ही म्हणू. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यात प्रयोग केला, 1972 च्या दुष्काळात त्याचा विस्तार झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून रोजगार हमी हा कायदा झाला. भत्ता मागू नका, काम मागा. काम देता आलं नाही तरच सरकार भत्ता देईल. पैसा आला 1975 च्या व्यवसाय करातून. मुंबईतल्या पगारपत्रकावर अजून दिसतो तो प्रोफेशन टॅक्स हाच. (तानशाचं पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं ते 1892 पासून. एवढी एक उलटी वाट त्या करामुळे सुरू झाली.)

आणि भत्ता किती? दिवसाला एक रुपया! एवढ्यावर कुणी जगेल असं कायदा करणाऱ्यांनाही वाटलं नसणार. 2005 च्या केंद्रीय कायद्याने तो सुधारला : अर्ज केल्यापासून 15 दिवसांत काम नाही मिळालं तर पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, पुढे किमान निम्मा. 2024-25 साली महाराष्ट्राचा दर 297 रुपये होता. म्हणजे आधी 74 रुपये, मग 148. पण मेख बघा. 2005 च्या त्या कायद्यात मजुरी केंद्राच्या पैशातून होती आणि भत्ता राज्याच्या तिजोरीतून. भत्ता सुरू होतो तो अर्जाच्या तारखेपासून मोजून, म्हणून सगळं अडतं ते तारीख घातलेल्या पोचपावतीवर. ती द्यायला कुणाचा हात लवकर उचलत नाही. शिवाय हमीची कामं बहुतेक मातीची. पावसात ती बंद, आणि भूक नेमकी पावसात.

त्या दिवसांसाठी या भागात जुना शब्द आहे : खावटी. सावकार पावसाळ्यात भात द्यायचा आणि सुगीनंतर दीडपट, दुपटीने परत घ्यायचा. भाई कोतवालांनी शेतकऱ्यांना यातून सोडवायला धान्यकोठ्या काढल्या होत्या. भूमिगत लढ्यात 2 जानेवारी 1943 रोजी मुरबाडच्या सिद्धगडावर ते मारले गेले. सरकारने 1978 पासून आदिवासींना खावटी कर्ज दिलं, शब्द तोच ठेवून. कोरोनाच्या वर्षी, 2020 साली, त्याचं अनुदान झालं : कुटुंबाला 4000 रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याचा किराणा. पावसाळ्याचे 120 दिवस धरले तर अख्ख्या घराला रोजचे 33 रुपये.

आता प्रश्न राहतो, मग माणसं श्रावण काढतात कशी? रानभाज्या, कंद, नदीतले मासे, आणि वीटभट्टीवाल्याची उचल. भिवंडी-कल्याणकडचा मालक ऐन पावसात वाडीवर येतो, पोच मागत नाही, रोख मोजून देतो. आमच्या मते शहापूर-मुरबाडचा खरा बेकारी भत्ता हाच आहे, आणि त्यावर जगता येतं. म्हणून नुसती टक्क्यांची तुलना आम्हाला अपुरी वाटते. भत्त्याच्या बदल्यात काय द्यावं लागतं तेही त्याच कोष्टकात लिहायला हवं. जर्मन कामगाराने आधी हप्ते भरलेले असतात. इथला पुढचे सहा महिने नवराबायकोच्या, अनेकदा पोरांच्याही अंगमेहनतीने फेडतो. हिशेब मालकाच्या वहीत, आणि तिथे बाकी उरली की पुढच्या वर्षाची उचल आधीच ठरलेली. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याने अशा कर्जाची बांधिलकी रद्द केली आहे, हेही सांगायला हवं.

दिवाळीनंतर जमीन वाळते, हमीची मातीची कामं सुरू होऊ शकतात. तेव्हा कामाचा अर्ज करायचा म्हटलं तर वाडीत म्हातारी माणसंच राहिलेली असतात. बाकीची भट्टीवर गेलेली.