न भरलेली जखम

अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या इतिहासात हॅरिएट टबमन या बाईचे नाव आदराने घेतले जाते. स्वतः पळून सुटली आणि पुन्हापुन्हा मागे जाऊन इतरांना सोडवून आणले, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. पण हे सारे तिने लहानपणी फुटलेल्या डोक्यानिशी केले, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. वाचकहो, आज तेवढेच पाहू या.

तिचा जन्म १८२२ च्या सुमाराचा, मेरीलँड राज्यातला. गुलामाच्या पोरीची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? बारा-पंधरा वर्षांची असताना ती बकटाउनच्या दुकानात गेली होती. काम सोडून निघून आलेल्या एका गुलामाचा पाठलाग करीत मुकादमही तिथे आला. त्याला बांधायला मदत कर, असे त्याने पोरीला फर्मावले. तिने साफ नकार दिला. गुलाम पळाला. मुकादमाने त्याच्यावर दोन पौंडांचे, म्हणजे आपल्या जुन्या शेराएवढे, वजन भिरकावले. ते लागले या पोरीच्या डोक्याला.

वैद्य नाही, औषध नाही. रक्ताळलेल्या पोरीला मागाच्या बैठकीवर टाकले आणि लवकरच पुन्हा शेतात धाडले. घाम आणि रक्त डोळ्यांवर उतरून समोरचे दिसेना, असे तिने पुढे सांगितले आहे. मालकाने तिला विकायला काढले, तर गिऱ्हाईकच मिळेना!

वरची कातडी जुळली खरी. पण डोकेदुखी राहिली. बोलता बोलता तिला एकाएकी झोप लागे; जाग आली की तुटलेले बोलणे तिथूनच पुढे सुरू होई. मधेच तिला दृश्ये दिसत. ती त्यांना देवाचा संकेत मानी. तिच्या अलीकडच्या चरित्रकारांना मात्र हा दुखापतीतून जडलेला अपस्मार वाटतो.

१८४९ साली ती फिलाडेल्फियाला पळून गेली. पुढे दहा-अकरा वर्षांत सुमारे तेरा फेऱ्या करून तिने सत्तरएक माणसे सोडवली. आता कल्पना करा: रात्रीची वाट, मागे पाठलाग, आणि वाट दाखवणारीच मधे झोपी गेलेली! सोबतचे लोक काय करीत? तर ती जागी होईपर्यंत थांबत. जून १८६३ मध्ये, यादवी युद्धात, दक्षिण कॅरोलिनातल्या कॉम्बाही नदीवरच्या मोहिमेत तिच्या वाटाडेपणाने सातशेहून अधिक गुलाम सुटले. डोके तेव्हाही तेच होते.

१८९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दुखणे असह्य झाले, तेव्हा बॉस्टनमध्ये तिने डोक्यावर शस्त्रक्रिया करून घेतली. १० मार्च १९१३ रोजी ती वारली. म्हणजे त्या एका घावाची सोबत जवळजवळ पाऊणशे वर्षांची.

तिने दुखण्यावर मात केली, असं आपण म्हणून टाकतो. मला ते पटत नाही. दुखणं गेलंच नव्हतं. ते बरोबर घेऊन ती चालली. आपल्याकडेही डोक्याला मार लागलेला मुलगा टाके निघाले की शाळेत जातो. मग तो विसरतो, लवकर थकतो, चिडतो, आणि आपण म्हणतो, "आता काय झालंय तुला? चांगला तर दिसतोस!" दिसणं निराळं, असणं निराळं. त्या रानात जीव मुठीत धरून थांबलेल्या माणसांना हे कळत होतं. आपल्याला तर तेवढी घाईही नाही.