वेष्टनावरील अक्षरे

बालाघाट जिल्हा आज मध्यप्रदेशात असला, तरी मराठी वाचकाला तो परका नव्हे. इंग्रजी अमदानीत तो नागपूर विभागात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा शेजारचा भंडारा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट पलीकडे राहिला. पोवारी बोली मात्र सरहद्दीच्या दोन्ही अंगांना आजही ऐकू येते. या जिल्ह्यातील परसवाडा हे तहसिलीचे गाव. गोंड आणि बैगा लोकांची वस्ती या मुलखात जुनी. भात, कोदो व कुटकी ही त्यांची धान्ये. कोदो म्हणजे आमच्या कोकणातले हरीकच होय.

या धान्याला पिढ्यान्‌पिढ्या कोणी चिठ्ठी लावली नाही; तशी गरजच नव्हती. पेरणारा, कांडणारी आणि जेवणारा एकाच घरातले. आता शेतातल्या धान्याशेजारी दुकानातले पुडके आले आहे. त्यात काय आहे हे जेवणाऱ्याला ठाऊक नसते. जो जाणतो तो शेकडो कोस दूर कारखान्यात बसलेला असतो. वेष्टनावरील बारीक अक्षरे हा त्या दोघांमधला एकमेव संवाद होय. तो कसा सुरू झाला, आणि कोणापर्यंत पोहोचतो, हे पाहण्याजोगे आहे.

आपल्या अन्नाचे मोजमाप पुडक्यांच्या फार आधीचे आहे. निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक डॉ. ॲक्रॉइड यांनी भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका १९३७ साली प्रसिद्ध केली. ही संस्था १९५८ साली हैदराबादेस गेली, तेथे डॉ. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कोष्टके १९७१ मध्ये नव्याने सिद्ध केली, आणि २०१७ साली त्यांची नवी आवृत्ती निघाली. तीत पाहिले तर १०० ग्रॅम कोदोत सुमारे ९ ग्रॅम प्रथिने व ६ ग्रॅमांहून अधिक चोथा आढळतो. सडलेल्या तांदळात प्रथिने सुमारे ८ आणि चोथा ३ ग्रॅमांहूनही कमी. ज्या धान्याला हलके समजून ताटाबाहेर ठेवले गेले, त्याची ही योग्यता!

परंतु प्रयोगशाळेतले ज्ञान गिऱ्हाइकाच्या हाती यायला फार काळ लागला. १९५४ सालच्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची चिंता मुख्यतः शुद्धतेची होती. दुधात पाणी आहे काय, तेलात दुसरे तेल आहे काय, एवढाच त्याचा प्रश्न. पदार्थ शुद्ध असूनही प्रकृतीस अपायकारक असू शकतो, हा विचार मागाहून आला. पोषणाची माहिती छापण्याची सक्ती २००८ सालच्या अधिसूचनेने झाली. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला, आणि २०२० च्या नियमांनी आजचे स्वरूप दिले.

ही अक्षरे वाचावी कशी? प्रथम घटकांची यादी पाहावी. ज्याचे वजन अधिक त्याचे नाव आधी, असा नियम आहे. साखर जर दुसऱ्याच क्रमांकावर असेल तर आणखी सांगणे नलगे. पुढे कोष्टकातील आकडे साधारणतः १०० ग्रॅमांचे असतात. पुडके किती ग्रॅमांचे आहे आणि आपण त्यातले किती खातो, याचा हिशेब आपला आपण करायचा असतो. समजा, बिस्किटांच्या १०० ग्रॅमांत वरून घातलेली साखर २५ ग्रॅम आहे. ५० ग्रॅमांचा पुडा एका मुलाने संपविला, तर साडेबारा ग्रॅम साखर पोटात गेली. नियमांत दिवसाचा आधार २००० उष्मांकांचा व ५० ग्रॅम साखरेचा धरला आहे, आणि तोही प्रौढ माणसाचा. म्हणजे त्या पोराने प्रौढाच्या वाट्याचा चौथा हिस्सा एका बैठकीत उडविला! सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. ८०० मिलिग्रॅम सोडियम असलेले १०० ग्रॅम फरसाण खाल्ले, की त्यातले २ ग्रॅम तेथेच संपले.

हिशेब काही अवघड नाही. तिसरी-चौथीतल्या मुलाला तो जमावा. अडचण निराळीच आहे. नियमानुसार ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत द्यावी. अन्य भाषेला मनाई नाही, पण सक्तीही नाही. निवड उत्पादकाची, आणि तो बहुधा इंग्रजी निवडतो. परसवाड्याच्या गोंड बाईस गोंडीतून, गोंदियाच्या शेतकऱ्यास मराठीतून किंवा मडगावच्या गृहिणीस कोंकणीतून तो आकडा मिळावा, असा हक्क कोणी दिलेला नाही. दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक. ज्या वेष्टनाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरांहून अधिक नाही, त्याला घटकांची यादी व पोषणमाहिती छापण्यातून सूट आहे; ती मोठ्या खोक्यावर असली म्हणजे झाले. जागा अपुरी, ही त्यामागची सबब समजण्याजोगी आहे. परंतु खोके दुकानदाराकडे राहते आणि पुडी पोराच्या हाती जाते. ज्याच्या खिशात मोठ्या पुड्याचे पैसे नसतात, नेमका तोच या माहितीला मुकतो.

कायद्याने अक्षरे आणली, हे थोडे नव्हे. पण जी वाचता येत नाहीत ती अक्षरे असून नसल्यासारखीच. कोदोला चिठ्ठी नव्हती, कारण खाणारा त्याला ओळखत होता. पुडक्याला चिठ्ठी आहे. आता ती खाणाऱ्याच्या भाषेत बोलू लागावी, एवढेच आमचे मागणे आहे.