हार्ले स्ट्रीटवरचा बिनपदवीचा वैद्य

प्रत्येक गुरुजींनी असा एक मुलगा पाहिलेला असतो. उत्तर येत असते, पण तोंडातून शब्द फुटत नाही. वर्ग हसतो, गुरुजी ‘बस खाली’ म्हणतात, आणि पोर मागच्या बाकावर जाते ते कायमचे. अशांना बोलते करून त्यावर संसार चालवणाऱ्या एका माणसाची हकीकत आज सांगायची आहे.

लायोनेल लोग हा ऑस्ट्रेलियातला. १८८० साली ॲडलेड शहरी जन्मला. धंदा वक्तृत्व शिकवण्याचा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांपैकी कित्येकांची वाचा गेलेली होती. पर्थ शहरी लोगने त्यांना श्वासाचे धडे दिले, धीर दिला, आणि त्यातले काही बोलू लागले. डॉक्टरीची पदवी मात्र त्याच्याजवळ नव्हती, हे ध्यानात ठेवा.

१९२४ साली बायको आणि तीन मुलगे घेऊन तो लंडनला आला. गाठीला थोडी शिल्लक, ओळखदेख जवळजवळ नाही. मग त्याने काय करावे? शाळाशाळांतून हिंडला आणि बोलण्यात अडखळणारी मुले असतील तर सांगा, म्हणाला. पुढे हार्ले स्ट्रीटवर १४६ नंबरच्या घरात खोली भाड्याने घेतली. हा रस्ता म्हणजे बड्या डॉक्टरांची पेठच. त्यातल्या त्यात स्वस्त टोकाला लोगची खोली! पदवीशिवाय तिथे पाटी लावायची, म्हणजे दोन रोगी बरे झाले नाहीत तर भाडे निघायचे नाही. श्रीमंतांकडून तो भरपूर फी घेई आणि त्या पैशावर गरिबांना कमी पैशात बघे. मला तर त्याच्या हिशेबातली ही गोष्ट राजघराण्याच्या ओळखीपेक्षा मोठी वाटते.

ती ओळख अशी झाली. पंचम जॉर्ज बादशहांचे दुसरे चिरंजीव, ड्यूक ऑफ यॉर्क, तोतरे बोलत. १९२५ च्या ऑक्टोबरात वेम्बली प्रदर्शनाच्या समारोपाचे त्यांचे भाषण सर्वांना ऐकवेना. बरेच उपचार करून थकलेले हे राजपुत्र १९२६ च्या ऑक्टोबरात लोगच्या जिन्याच्या पायऱ्या चढले. लोगने जादू केली नाही. पोटातून श्वास घ्या, उघड्या खिडकीशी उभे राहून स्वर मोठ्याने लांबवा, रोज तासभर मेहनत करा, एवढेच. सव्वा वर्षात ब्याऐंशी खेपा झाल्या. आपल्याकडे गवयी पहाटे खर्ज लावतो, त्याच जातीची ही मेहनत. १९२७ च्या मे महिन्यात कॅनबेरा येथे पार्लमेंटच्या इमारतीचे उद्घाटन झाले. तेव्हा लोग बरोबर नव्हता, तरी भाषण निभावले.

पुढे १९३६ साली थोरल्या भावाने गादी सोडली आणि ड्यूक सहावे जॉर्ज म्हणून राजे झाले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारल्याचे त्यांचे भाषण रेडिओवरून साऱ्या साम्राज्यात गेले, तेव्हा लोग खोलीत उभा होता.

राजाचा वैद्य म्हटल्यावर त्याची ददात मिटली. पण नावावर चालणारा धंदा माणसाबरोबरच जातो. मागून येणाऱ्यांनी पाटी कशाच्या आधारावर लावायची? १९३५ साली ब्रिटनमधल्या वाचोपचार करणाऱ्यांची संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत लोग होता. पुढे १९४५ साली या व्यवसायाचे कॉलेज उभे राहिले, त्याच्याही पहिल्या सभासदांत तो होता. राजे १९५२ साली वारले. लोग १९५३ च्या एप्रिलमध्ये.