होट्टलचे फोटो आणि 'ई५'

देगलूरजवळच्या होट्टलला चालुक्यकालीन मंदिरं पाहून आलात आणि कार्डावरचे फोटो उडाले, तर? मंदिर पुन्हा टिपता येईल हो, पण सोबतचे आजोबा? तेव्हा मंडळी, आधी कॅमेरा बंद!

डिलीट म्हणजे पुसणं नव्हेच. फॅट पद्धतीत नावाचं पहिलं अक्षर 'ई५' होतं आणि जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, बस्स. हा ई५ मूळचा गॅरी किल्डॉलच्या सीपी/एममधला (१९७४). ८ इंची कोऱ्या फ्लॉपीवर तोच भरलेला असायचा. १९८० साली टिम पॅटरसनने ८६-डॉसमध्ये तोच ठेवला.

नाव गेलं तरी जेपीईजीची सुरुवात 'एफएफ डी८' अशीच. ख्रिस्तोफ ग्रेनिएचं फुकट मिळणारं फोटोरेक तीच खूण हुंगत कार्डभर फिरतं. मात्र त्या जागेवर नवा फोटो बसला असेल, तर फोटोरेकही हात टेकतं.