लहान तोंडी लहान घास

मिरगाचा पाऊस झाला की संगमेश्वरात शास्त्री नदीकाठच्या खाचरांतून बेडकांचा गलका सुरू होतो. त्यातच अंगावर चामखिळी असलेला, संथ चालीचा भेक असतो. कुत्र्याने त्याला तोंडात धरलं की कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. जांभ्याच्या गडग्यातली नानेटी मात्र तोच भेक सावकाश गिळते आणि खुशाल निघून जाते. विषारी भक्ष्य आणि त्याला गिळणारे साप यांच्या अभ्यासाचा उंबरठा हाच.

भेकाचं विष हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडतं. भेकांच्या सोबतीनेच वाढलेल्या आशियातल्या अनेक सापांत या पंपाची घडण किंचित बदललेली आहे, म्हणून विष तिथे नीट चिकटत नाही.

ऑस्ट्रेलियात मुळात भेक नव्हतेच. उसाची हुमणी आटोक्यात येईल म्हणून १९३५ मध्ये हवाईहून केन टोड जातीचे शंभरेक भेक क्वीन्सलँडात आणले. हुमणी राहिली बाजूला. भेक फोफावले आणि त्यांना गिळणारे साप मरू लागले. बेन फिलिप्स आणि रिक शाइन या संशोधकांनी संग्रहालयांतले जुने साप मोजले. साप घास चावत नाही, अख्खा गिळतो; म्हणजे जबडा जेवढा रुंद तेवढा भेक मोठा, आणि तेवढं विष जास्त. उलट अंग मोठं असेल तर तेच विष कमी बाधतं. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की लाल पोटाचा काळा साप आणि हिरवा वृक्षसर्प यांत, भेक येऊन जितकी वर्षं झाली तितका जबडा लहान आणि शरीर लांब होत गेलं. कुणा एका सापाचं डोकं आकसलं असं नव्हे; मोठ्या तोंडाचे साप आधी मेले, असा याचा अर्थ लावतात. मला पटणारा पुरावा वेगळाच आहे. नानेटीच्या गोतावळ्यातला, विष पचवणारा तिथला कीलबॅक साप त्यांनी मोजला, तर त्यात असा बदल नव्हता.

आपला भेकही आता परदेशी उपद्रवी ठरला आहे. २०१४ मध्ये तो मादागास्करला टोआमासिना बंदराजवळ आढळला, आणि तिथल्या बहुतेक सापांकडे तो बदललेला पंप नाही.

साप मोजण्याच्या या कामाला सुरुवातीला पट्टी पुरते. रस्त्यावर मेलेला साप दिसला तर हात लावू नका. शेजारी पट्टी ठेवून डोक्याचा वरून फोटो काढा. तारीख आणि गाव लिहायला विसरू नका. ते नसतं तर संग्रहालयातल्या त्या सापांचाही काही उपयोग झाला नसता.