पैसे भरले, म्हणजे पाहुणेपण संपलं का?

 

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाची एक दिवसाची सहल एका रिसॉर्टला गेली. माणशी एकदाच पैसे भरायचे. नाष्टा, जेवण, चहा, पोहण्याचा तलाव, बैलगाडीची फेरी, सगळं त्यातच. दुपारी ताटं वाढून घेताना आमच्यातलीच एक म्हणाली, "घे गं अजून, पैसे भरलेत की!" आम्ही घेतलं. जेवण झाल्यावर हात धुवायला मागच्या बाजूला गेले, तर खरकट्याची बादली काठोकाठ भरलेली. अख्ख्या पुरणपोळ्या, न खाल्लेला भात. शेजारी एक बाई भांडी घासत बसली होती. आपला गटही ऑर्डरचं जेवण करतो. चुलीपुढं दिवस घालवून केलेलं असं बादलीत गेलं की काय वाटतं, ते मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी मी पाहुणी होते आणि माझ्याही ताटात उरलं होतं.

तेव्हापासून विचार करतेय की पैसे भरून गेलेल्या पाहुण्याचं वागणं कसं असावं?

एकरकमी पैसे भरून सगळं मिळवायचं ही रिसॉर्टची तऱ्हा गाजली ती १९५० पासून. जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या गृहस्थांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून 'क्लब मेडिटरेनी'ची पहिली वसाहत मांडली. राहणं, जेवण, खेळ एकाच रकमेत. पण आपल्याला यात नवल वाटायला नको. पंढरीच्या वाटेवर दिंडीची भिशी भरतो, तेव्हा जेवणाचं आणि मुक्कामाचं त्यातच येतं. तरी दिंडीत कुणी "मी भिशी भरलीय" म्हणून हातावर हात ठेवून बसत नाही. कुणी भाजी चिरतं, कुणी पंगतीत वाढतं, कुणी भांडी आवरू लागतं.

आता त्याहून मागे, आपल्याच तालुक्याच्या डोंगरांत जाऊ. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. ती दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळाच्या आगेमागे खोदली गेली. कोकणातल्या बंदरांवरून माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढं पैठणकडं जायचा. त्या वाटेनं व्यापारी आले, परदेशी आले आणि बौद्ध भिक्षूही आले. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एका जागी राहायचं, असा नियम होता. राहायची खोली, झोपायचा दगडी ओटा, पाण्याचं टाकं हे सगळं दान देणाऱ्यांनी करून ठेवलेलं.

दान कुणी दिलं ते भिंतींवर कोरलेलं आहे. त्यात 'यवन', म्हणजे परदेशी माणसंही आहेत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. हे लोक बाहेरून आलेले, आणि मागं काय ठेवून गेले, तर पाणी आणि जेवायला बसायची जागा. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडं, म्हणजे त्यांच्या संघटनांकडं, ठेव ठेवल्याचीही नोंद जुन्नरच्या एका लेखात आहे. म्हणजे त्या फुकट दिसणाऱ्या मुक्कामामागंही कुणाचं तरी काम होतं, कुणाचा तरी पैसा होता.

अशा विहारांत राहणाऱ्यांनी कसं वागावं, याचे नियम 'चुल्लवग्ग' या पाली ग्रंथात आहेत. ते का करावे लागले, तेही तिथं सांगितलंय. बाहेरून आलेले काही भिक्षू चपला घालून, छत्री उघडी ठेवून तसेच आत शिरायचे. प्यायच्या पाण्यानं पाय धुवायचे. कुठं उतरायचं ते विचारायचे नाहीत. एकानं तर न विचारता बंद खोलीची कडी काढली, घाईनं आत शिरला, आणि वरून खांद्यावर साप पडला! तेव्हा नियम ठरले. आल्यावर चपला काढाव्या. प्यायचं पाणी कुठलं, वापरायचं कुठलं, ते विचारावं. आपली खोली कुठली, शौचाची जागा कुठं, इथल्या वेळा काय, हे विचारावं. पंगतीत सगळ्यांना भात वाढून होईपर्यंत थोरल्यानं घास घेऊ नये. निघताना लाकडी आणि मातीचं सामान आवरून ठेवावं, दारं-खिडक्या लावाव्या आणि सांगून निघावं.

पण नियम एकट्या पाहुण्यालाच नव्हते. तिथं राहणाऱ्यानं पुढं जावं, आसन द्यावं, पाय धुवायला पाणी द्यावं, प्यायला पाणी विचारावं, आणि जागेची सगळी माहिती आपण होऊन सांगावी, असंही लिहिलंय.

हे आज आपल्या कामाचं आहे, कारण आता आपण दोन्हीकडं आहोत. २०१८ मध्ये जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झाला. २०२० मध्ये राज्यानं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या आपल्यातल्या कुणाच्या मळ्यात पुण्या-मुंबईची माणसं मुक्कामाला येतील. त्यांनी कसं वागावं असं वाटतं? आधी कळवावं किती जण येणार. पहिल्यांदा थोडं वाढून घ्यावं, हवं तर पुन्हा घ्यावं. आंघोळीला नळ मोकळा सोडू नये. न विचारता शेंगा तोडू नयेत. भाकरी थापणाऱ्या बाईचा फोटो तिला विचारून काढावा. मग आपण पाहुणे असताना हेच आपल्यालाही लागू.

आणि यजमान असाल तर बोलायला लाजू नका. पाहुणा आला की पाण्याचा तांब्या देतानाच सांगा, हे प्यायचं, ते वापरायचं, जेवण अमुक वाजता. साप खांद्यावर पडल्यावर सांगण्यापेक्षा ते बरं!

आमच्या गटाची यंदाची सहल ठरतेय. मी दोन गोष्टी मांडल्यात. ताटात टाकायचं नाही, आणि निघण्याआधी मागं जाऊन भांडी घासणारीला नाव विचारून, जेवण छान होतं असं सांगून यायचं. गेल्या वेळी ते माझ्याकडून राहून गेलं होतं.

येते मैत्रिणींनो. रामराम.