अग्निपात्राचा हिशेब : नग, ताटली आणि दरडोई

खाद्यसंस्कृतीच्या इतिहासात पदार्थ कसा शिजवला जाई याच्या नोंदी विपुल आढळतात. त्याचे पैसे कसे मोजले जात याच्या मात्र क्वचितच. चवीचा इतिहास या दुसऱ्या नोंदीवाचून अपुरा राहतो, असे आम्हांस वाटते, आणि चीनमधील हॉटपॉट हे त्याचे बोलके उदाहरण आहे. चिनी भाषेत त्याला 'हुओगुओ' म्हणतात, शब्दशः 'अग्निपात्र'. मेजाच्या मध्यभागी उकळता रस्सा, भोवती कच्चे मांस, भाज्या, टोफू. आपला घास आपणच शिजवून घ्यायचा. आज ठरावीक रकमेत हवे तितके खाऊ देणारी बुफे-हॉटपॉट उपाहारगृहे चिनी शहरांत जागोजागी आहेत आणि 'पैसे कुठे वसूल होतात, चव कुठे चांगली' हा तेथील ग्राहकांच्या नित्य चर्चेचा विषय आहे. हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे काढता येतात का, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

या पात्राची साहित्यातील एक जुनी नोंद दक्षिण सोंग काळातील लिन होंग याच्या पाकग्रंथात सापडते. वूयी पर्वतावर बर्फ पडत असताना सशाच्या मांसाचे पातळ काप उकळत्या पाण्यात हलवून खाल्ल्याचे वर्णन त्याने केले आहे आणि त्या पदार्थास आकाशातील रंगीत ढगांवरून काव्यमय नावही दिले आहे. पुढे छिंग काळात मात्र एका मोठ्या कवीने या पात्रावर उघड आक्षेप घेतला. युआन मेई याने 1792 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाकग्रंथात जे टाळावे त्याची एक यादी दिली असून तीत हॉटपॉटचा स्वतंत्र उल्लेख आहे. प्रत्येक जिन्नसाची चव निराळी, त्याला लागणारी आच निराळी. सगळे एकाच उकळीत घातल्यावर चवीची गोष्ट ती काय करावी, असा त्याचा आशय. हा आक्षेप वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण बुफेच्या अर्थकारणात तो अनपेक्षित रीतीने पुन्हा भेटतो.

कवीने नापसंत केलेले हे पात्र नदीकाठी मात्र वेगळ्याच गरजेतून रुजले. त्याचा वृत्तान्त ली जिएरेन (1891–1962) यांनी लिहून ठेवला आहे. हे सिचुआनचे कादंबरीकार, फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'चे चिनी अनुवादक आणि काही काळ चेंगदूत उपाहारगृह चालवलेले गृहस्थ. त्यांच्या सांगण्याप्रमाणे म्हशीच्या वजडीचा हॉटपॉट छोंगछिंगसमोरच्या जियांगबेई काठावर सुरू झाला. फेरीवाला कावडीच्या टोकाला मातीची शेगडी ठेवी. तीवर कप्पे पाडलेले पत्र्याचे पसरट भांडे आणि त्यात तिखट, खारट, जीभ बधिर करणारा रस्सा. हमाल, मजूर, क्वचित भिकारीही भोवती बसत. प्रत्येकाचा कप्पा ठरलेला. जितके तुकडे खाल्ले तितक्यांचे पैसे. 1934 साली शहरातील एका लहान खानावळीने हे भांडे कावडीवरून मेजावर आणले.

या चित्रात आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कप्पा. विस्तव एक, रस्सा एक, हिशेब मात्र ज्याचा त्याचा. अनोळखी माणसे एका भांड्यात जेवत, पण कोणी कोणाचा भार उचलत नसे. खिशात चार नाणी असलेल्यालाही चार तुकडे मांस मिळे. नगावरचा हा हिशेब गरिबाला दाराबाहेर ठेवत नव्हता.

उत्तरेकडील बीजिंगची परंपरा याहून भिन्न. 1903 साली दोंगआन बाजारात एका ठेल्यापासून सुरू झालेले दोंगलाईशुन हे तेथील प्रसिद्ध घराणे. तांब्याचे धुराडे असलेले पात्र, जवळजवळ साधेच पाणी आणि मेंढीच्या मांसाचे कागदासारखे पातळ काप. येथे हिशेब ताटलीचा असतो, आणि पाणी निर्मळ असल्याने मांसाचा कस लपत नाही.

दरडोई हिशेब या दोहोंनंतरचा. पूर्व आशियात ठरावीक दरात हवे तितके खाण्याच्या पद्धतीचा एक प्रसिद्ध आरंभ 1958 साली टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलात स्कँडिनेव्हियन धर्तीवर झाला. ही पद्धत हॉटपॉटला फारच मानवणारी, कारण येथे ग्राहक स्वतःच आचारी असतो. परंतु दरडोई पैसे घेताच मालकाचे हित बदलते. ग्राहकाने महाग मांस कमी आणि शेवया, बटाटे, रस्सा जास्त घ्यावा, हे त्याला हवे असते. रस्सा जितका झणझणीत आणि चरबीयुक्त, तितका ताज्या व गोठवलेल्या मांसातील फरक पुसट होतो. युआन मेईने ज्याला दोष म्हटले, तेच येथे भांडवल ठरते.

ग्राहकाचे हितही बदलते. 2018 च्या जूनमध्ये चेंगदूतील एका उपाहारगृहाने 120 युआनमध्ये महिनाभर अमर्याद हॉटपॉटचे कार्ड काढले. रोज शेकडो लोक लोटले, एकच कार्ड अनेकांनी वापरले आणि सुमारे पाच लाख युआनचे कर्ज डोक्यावर घेऊन ते अवघ्या दोन आठवड्यांच्या आत बंद पडले. यात केवळ हाव पाहणे अन्यायाचे होईल. पैसे आधीच दिले गेले की पुढचा प्रत्येक घास फुकटचा भासतो, आणि फुकटच्या घासाची चव कोणी तोलत नाही. अन्नाच्या नासाडीविरुद्ध चीनने 2021 साली कायदा केला. उघड नासाडी करणाऱ्या ग्राहकाकडून उपाहारगृहांना शुल्क घेता येईल अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे ताटात उरलेल्याचा हिशेब अखेर पुन्हा मांडावाच लागला.

तेव्हा दोन बुफेंची तुलना कशी करावी? आमचे मत असे, की प्रथम साध्या रश्श्याची मागणी करावी आणि त्यात मांसाचा एक काप शिजवून पाहावा. तो तेथे रुचला, तर त्या घराने चव विकली. तिखटाखालीच रुचला, तर केवळ विपुलता. दुसरा निकष, अल्पाहारी माणसाचे काय होते हा. दरडोई हिशेबात कमी खाणारा जास्त खाणाऱ्याचे बिल भरतो. वृद्ध आजी आणि तरुण नातू यांचा दर एक असेल, तर 'वसूल' हा शब्द एकट्या नातवापुरताच खरा. 1994 साली सिचुआनमधील जिएनयांग येथे सुरू झालेल्या हायदिलाओ या साखळीत अर्धी ताटली मागवता येते. नदीकाठच्या त्या कप्प्याची आठवण त्यात थोडी शिल्लक आहे, असे म्हणता येईल.

स्वस्त काय, याचे उत्तर दरपत्रकावर मिळते. कोणासाठी स्वस्त, हे मात्र भांड्याभोवती कोण कोण बसू शकले, यावरूनच ठरते.